विरघळणाऱ्या टाक्याचे गणित

गवंडी, सुतार आणि तांबट या तिघांची कीर्ती एकाच गुणावर अवलंबून असते. त्यांनी केलेली वस्तू टिकली पाहिजे. शस्त्रवैद्याच्या पेटीत मात्र अशाही काही वस्तू असतात की ज्यांनी फार काळ टिकणे हाच त्यांचा दोष ठरावा. पोटाच्या आतील थरांना घातलेले टाके, मोडलेले हाड सांधेपर्यंत त्याला धरून ठेवणारा स्क्रू, आकुंचित रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून तिच्यात बसविलेली बारीक जाळी, यांपैकी काहींकडून एवढीच अपेक्षा असते की त्यांनी नेमलेले दिवस इमानाने काम करावे आणि मग देहात आपला मागमूसही न ठेवता नाहीसे व्हावे. “टाके काढायला केव्हा यायचे?” असे रुग्णाचे नातेवाईक विचारतात आणि “विरघळणारे टाके आहेत, यायची गरज नाही,” असे उत्तर मिळाले की निश्चिंत होतात. ही निश्चिंती ज्या हिशेबावर उभी आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

तात्पुरत्या आधाराची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आतड्याला छिद्र पडले असता त्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चाववून घ्याव्या, मग मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावी आणि आतडे पोटात परत बसवावे, असा उपचार सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. पुण्याजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस झालेली एक शस्त्रक्रिया तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे वीटभट्टीचा व्यवसाय करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्याच कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या वर्णनात टाक्यांचा उल्लेख नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना फासून त्या पट्ट्या एकीवर एक बसविल्या आणि चार दिवस दुसरे काहीही लावले नाही, असे त्यात म्हटले आहे. जखम सांधण्याचे काम शरीर स्वतःच करते, त्याला तेवढ्यापुरते कोणी धरून ठेवावे लागते, हे त्या कारागिराला पुरते उमगले होते.

पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकात हे धरून ठेवण्याचे काम दीर्घकाळ कॅटगट या धाग्याने केले. नावात मांजर असले तरी हा धागा मेंढ्यांच्या किंवा गुराढोरांच्या आतड्यांपासून करतात. जोसेफ लिस्टर याने १८६९ मध्ये कार्बोलिक आम्लात भिजविलेला कॅटगट वापरात आणला आणि पुढे क्रोमियमच्या क्षारांची प्रक्रिया करून त्याचे आयुष्य वाढविण्याची युक्तीही सापडली. परंतु कॅटगट हे मुळात प्राणिज प्रथिन होय. शरीरातील पाचक द्रव्ये, म्हणजे एन्झाइमे, त्याचा फडशा पाडतात आणि ही द्रव्ये प्रत्येक रुग्णात, किंबहुना प्रत्येक जखमेत, सारख्या प्रमाणात नसतात. जखम चिघळली की तेथे पेशींची गर्दी होते, एन्झाइमे वाढतात आणि धाग्याचा आधार जेव्हा सर्वाधिक हवा असतो नेमका तेव्हाच तो तुटतो. ज्याचे वेळापत्रक रुग्णाच्या प्रकृतीबरोबर बदलते, अशा मदतनिसावर शस्त्रवैद्याने किती भरवसा ठेवावा?

या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राकडून आले आणि तेही एका टाकून दिलेल्या पदार्थातून. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोदर्स याने १९३० च्या दशकाच्या आरंभी ग्लायकोलिक व लॅक्टिक या साध्या आम्लांपासून पॉलिमर तयार करून पाहिले होते. पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणजे एकाच प्रकारच्या लहान रेणूंची कडीला कडी जोडून झालेली लांब साखळी. कापड किंवा दोर करण्याच्या दृष्टीने हे पॉलिमर कुचकामी ठरले, कारण ओलाव्याने त्यांची साखळी तुटत असे. मात्र ज्या अवगुणामुळे गिरणीने त्यांना नाकारले, तोच अवगुण पुढे शस्त्रक्रियागृहाला हवाहवासा वाटला.

या वळणावर मराठी वाचकाच्या कानाला ओळखीचे वाटेल असे एक नाव भेटते. पॉलिलॅक्टिक आम्ल देहात ठेवता येईल काय, याचा शोध घेणारा एक निबंध १९६६ मध्ये अमेरिकेतील ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिले नाव होते आर. के. कुलकर्णी यांचे. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत झालेल्या या कामात गिनीपिग व उंदीर यांच्या शरीरात हा पदार्थ ठेवण्यात आला. तो विषारी नाही, आसपासच्या ऊतींना तो फारसा डिवचत नाही आणि त्याचे विघटन सावकाश होते, असे आढळले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कितीतरी स्क्रूंचा, पिनांचा आणि जाळ्यांचा वंशवृक्ष या प्रयोगापर्यंत जाऊन पोहोचतो. पुढे १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा ‘डेक्सॉन’ या नावाने बाजारात आला आणि १९७४ मध्ये दोन्ही आम्लांच्या मिश्रणाचा ‘व्हिक्रिल’ हा धागा आला.

आता हे धागे देहात नाहीसे होतात म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. खडीसाखर पाण्यात टाकली की विरघळते, पण साखरेचा रेणू साखरेचाच राहतो. पाणी आटविले की ती पुन्हा हाती लागते. टाक्याचे तसे नाही. त्याच्या साखळीतील दोन कड्यांना जोडणारा दुवा एस्टर या जातीचा असतो. शरीरातील पाण्याचा रेणू त्या दुव्यावर आदळून त्याचे दोन तुकडे करतो. एका टोकाला आम्लगट येतो, दुसऱ्या टोकाला अल्कोहोलचा गट येतो. या क्रियेला जलविच्छेदन म्हणतात. असे दुवे तुटत तुटत शेवटी सुटी आम्ले उरतात. लॅक्टिक आम्ल देहाला परके नाही. धावपळ केली की आपल्या स्नायूंतही ते निर्माण होते. ग्लायकोलिक आम्लाचीही देहाला विल्हेवाट लावता येते. अखेरीस त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. काही भाग लघवीवाटे जातो, काही श्वासावाटे निघून जातो. पाणी सर्वांच्या शरीरात जवळजवळ सारखेच असल्याने या धाग्यांचे वेळापत्रक कॅटगटपेक्षा पुष्कळच भरवशाचे ठरले.

मात्र या वेळापत्रकात एक गोष्ट अशी आहे की ती लक्षात न घेतल्यास सारे गणित चुकते. समजा, लॅक्टिक आम्लाच्या एका साखळीचे रेणुभार एक लाख आहे. तिच्या प्रत्येक कडीचे भार ७२ असते, म्हणजे साखळीत सुमारे चौदाशे कड्या झाल्या. आता या चौदाशे दुव्यांपैकी मधला फक्त एक दुवा तुटला, तर साखळीची लांबी एकदम निम्मी होते. पण पदार्थाचे वजन किती घटले? मुळीच नाही. दोन्ही तुकडे जागच्या जागीच आहेत. अशा पदार्थाचे बळ लांब साखळ्यांच्या परस्परांतील गुंत्यात असते. लोकरीच्या गुंत्यातील प्रत्येक धागा दोनचार ठिकाणी कापला, तर लोकर तेवढीच राहते, पण गुंता ओढ सोसत नाही. अंबाडीचा दोर महिनाभर पाण्यात पडून राहिला तर दिसायला तो शाबूत दिसतो, तागडीत घातला तर वजनही भरते, परंतु विहिरीवर पोहरा बांधून सोडताच तो दगा देतो.

म्हणून जैवविघटनशील पॉलिमरचा ऱ्हास तीन टप्प्यांनी होतो आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम रेणुभार घटते, त्यामागून ताकद जाते आणि सर्वांत शेवटी वस्तुमान कमी होते. व्हिक्रिल जातीच्या धाग्याचे उदाहरण घेऊ. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी ५० टक्के आणि चार आठवड्यांनी २५ टक्के. परंतु तो देहातून पूर्णपणे शोषला जायला ५६ ते ७० दिवस लागतात. याचा अर्थ असा की महिना उलटल्यावर धागा जागेवर असतो, पण कामावर नसतो. वेष्टनावर दोन महिन्यांचा आकडा वाचून जर कोणी समजेल की जखमेला दोन महिने आधार आहे, तर त्याची फसगत होईल. सावकाश भरून येणाऱ्या ऊतींसाठी त्यामुळेच पॉलिडायऑक्सॅनोनसारखा संथ धागा निवडतात. त्याचे शोषण होण्यास सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो.

वेळापत्रक संथ किंवा जलद करण्याच्या किल्ल्या पदार्थाच्या रचनेत असतात. लॅक्टिक आम्लाच्या कडीला बाजूला मेथिल हा एक गट चिकटलेला असतो. तो पाण्याला दूर ठेवतो, म्हणून पॉलिलॅक्टिक आम्ल संथपणे तुटते. ग्लायकोलिक आम्लाच्या कडीला हा गट नाही, म्हणून ते जलद तुटते. दोहोंचे प्रमाण बदलून आयुष्य कमीअधिक करता येते. दुसरी किल्ली स्फटिकतेची. जेथे साखळ्या विटांसारख्या शिस्तीने रचलेल्या असतात तेथे पाणी सहज शिरत नाही. पाणी प्रथम विस्कळीत भागातील दुवे तोडते आणि स्फटिकमय कण मागे राहतात. नेदरलँड्समध्ये गालाचे मोडलेले हाड सांधण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पट्ट्या व स्क्रू बसविलेल्या काही रुग्णांना तीन वर्षांनंतर त्या जागी सूज येऊ लागली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अनुभवाने दाखवून दिले की पदार्थाची ताकद केव्हाच संपली, तरी त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक देहातील पेशींना वर्षानुवर्षे छळू शकतात.

तिसरी किल्ली वस्तूच्या जाडीची आहे आणि तिचा परिणाम नवलाचा वाटावा असा आहे. जाड वस्तू जास्त टिकेल अशी आपली स्वाभाविक समजूत. परंतु दुवे तुटून तयार झालेले आम्ल हे स्वतःच पुढील दुवे तोडण्यास मदत करते. पृष्ठभागावरचे आम्ल आसपासच्या द्रवात वाहून जाते, गाभ्यातले आम्ल मात्र कोंडून पडते. त्यामुळे जाड तुकड्याचा गाभा पृष्ठभागाच्या आधी ढासळतो. फ्रान्समधील मिशेल व्हेर आणि सुमिंग ली यांनी १९९० मध्ये हे प्रयोगाने सिद्ध केले. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून रंगीत व धडधाकट दिसावा आणि हात लावताच आतून पोकळ निघावा, तशी ही स्थिती असते. आत साठलेले आम्ल एकदम बाहेर पडले, तर भोवतालच्या ऊतींचा दाह होतो, हा आणखी एक धोका.

मग या ऱ्हासाची तपासणी प्रयोगशाळेत कशी करतात? पद्धत वरवर अगदी साधी आहे. रक्ताइतका, म्हणजे ७.४ इतका, सामू असलेल्या द्रावणाच्या बाटल्यांत नमुने बुडवून त्या ३७ अंश तापमानाला ठेवतात. ठरावीक आठवड्यांनी काही नमुने बाहेर काढून त्यांचे रेणुभार मोजतात, ते ताणून किंवा दाबून ताकद पाहतात, वाळवून वजन करतात. द्रावणात कोणती द्रव्ये किती उतरली, हेही तपासतात. वैद्यकीय साधनांच्या जैविक मूल्यमापनासंबंधीच्या आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा १३ वा भाग पॉलिमरच्या विघटनातून निघणाऱ्या द्रव्यांनाच वाहिलेला आहे. यानंतर प्राण्यांवरील प्रयोग येतात. साखळीत किरणोत्सारी कार्बन गुंफून तो श्वासात, लघवीत व अवयवांत किती सापडतो, हे पाहण्याची रीतही अवलंबिली गेली आहे.

अडचण अशी की दोनतीन वर्षांत विरणाऱ्या पदार्थाची परीक्षा पुरी व्हायला दोनतीन वर्षेच लागतात. तापमान वाढवून ही वर्षे आठवड्यांत उरकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे आणि मर्यादेत राहून तसे करतातही. पण पॉलिलॅक्टिक आम्ल ५५ ते ६० अंशांच्या आसपास काचेसारखी ताठर अवस्था सोडून मऊ होते. त्या सीमेपलीकडे केलेला प्रयोग हा जणू निराळ्याच पदार्थावरचा प्रयोग ठरतो. जेजुरी येथे पुण्याच्या प्राज उद्योगसमूहाने २०२४ मध्ये पॉलिलॅक्टिक आम्ल तयार करून दाखविणारे प्रात्यक्षिक केंद्र उभारले. साखरेपासून प्लॅस्टिकला पर्याय निर्माण करण्याचा हा प्रयत्न उसाच्या महाराष्ट्राला जिव्हाळ्याचा वाटावा हे योग्यच आहे. पण औद्योगिक खतखड्याचे तापमान सुमारे ५८ अंश असते, तेथे सूक्ष्म जीवांचीही गर्दी असते. अशा खड्यात जे काही महिन्यांत कुजते, त्याला ३७ अंशांच्या मानवी देहात वर्षे लागू शकतात. ‘जैवविघटनशील’ हा एकच शब्द दोन्हीकडे लावला जातो. कोठे आणि किती काळात, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

हे सारे गणित किती निकराचे आहे, याचा धडा हृदयाच्या रक्तवाहिनीतील जाळीने दिला. धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, जन्मभर आत राहते. तिच्या जागी काम संपताच विरणारी जाळी बसविता आली तर रक्तवाहिनी पुन्हा मोकळी होईल, असा विचार पुढे आला. जपानमध्ये हिदेओ तामाई यांनी अशा जाळीचा प्रयोग १९९८ च्या सुमारास रुग्णांवर केला. ॲबट या अमेरिकी कंपनीची ‘ॲब्सॉर्ब’ ही जाळी २००६ मध्ये प्रथम माणसात बसविली गेली, भारतातही ती विकली गेली आणि जुलै २०१६ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. भारत सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने १३ फेब्रुवारी २०१७ रोजी स्टेंटच्या कमाल किमती ठरविल्या. त्या वेळी औषधयुक्त धातूची जाळी आणि विरणारी जाळी या दोहोंना २९,६०० रुपये ही एकच मर्यादा लावण्यात आली. नाविन्यासाठी वेगळे मोल द्यावे इतका अधिक लाभ सिद्ध झाला आहे काय, हा प्रश्न तेव्हा वादाचा झाला होता.

त्याचे उत्तर लवकरच मिळाले. नेदरलँड्समधील १,८४५ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांच्या अवधीत विरणाऱ्या जाळीत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण ३.५ टक्के, तर धातूच्या जाळीत ०.९ टक्के आढळले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने ‘ॲब्सॉर्ब’ची विक्री थांबविली. दोष कोठे होता? पॉलिमर धातूपेक्षा दुबळे, म्हणून जाळीच्या काड्या सुमारे १५० मायक्रॉन जाड कराव्या लागल्या. तुलनेसाठी घेतलेल्या धातूच्या जाळीच्या काड्या ८१ मायक्रॉनच्या होत्या. जाड काड्यांनी रक्तप्रवाहात अडथळा आणला, काही ठिकाणी जाळी बसविण्यातही उणीव राहिली. शिवाय ज्या काड्या वाहिनीच्या भिंतीत नीट रुतल्या नव्हत्या, त्या ताकद गेल्यावर सुटून प्रवाहात डोकावू लागल्या. ताकद आधी जाते आणि वस्तू मागून जाते, हा नियम येथे रुग्णांच्या जिवावर बेतला. तीन वर्षांनी जाळी पुरती विरल्यावर हा जादा धोका उरला नाही, असेही पुढील पाहणीत दिसले. म्हणजे कल्पना खोटी नव्हती, मधला काळ सांभाळता आला नव्हता.

यानंतर काड्या पातळ करण्याकडे लक्ष वळले. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या वापी येथील मेरिल कंपनीने १०० मायक्रॉन काड्यांची जाळी तयार केली आणि २०१९ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने पूर्वीच्याच कंपनीच्या, त्याच पॉलिमरच्या, पण अधिक पातळ जाळीला गुडघ्याखालील रक्तवाहिन्यांसाठी परवानगी दिली. त्यामागील चाचणीत केवळ फुग्याने वाहिनी रुंद करण्याच्या उपचारापेक्षा तिचा गुण स्पष्टपणे अधिक दिसला. मधुमेहाने पायाचे रक्ताभिसरण मंदावलेल्या आणि पाय गमावण्याची धास्ती असलेल्या माणसाला ही वार्ता दिलासा देणारी आहे. पदार्थ तोच होता. त्याचे रूप बदलले, जागा बदलली आणि निकालही बदलला.

आपल्या देशातील वैद्यकीय साधनांविषयीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. शरीरात बसवून पूर्णतः किंवा बहुतांशी शोषली जाणारी साधने त्यांत सर्वाधिक जोखमीच्या ‘डी’ वर्गात मोडतात, ते उगाच नव्हे. परंतु नियमांचे काम कारखान्याच्या दारापाशी संपत नाही. ज्या वस्तूचा वैरी पाणी आहे, ती कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात आणि विदर्भातल्या वैशाखात सांभाळायची असते. म्हणूनच हे धागे ओलावा न शिरणाऱ्या धातुपत्राच्या वेष्टनात येतात. ते वेष्टन एकदा फोडले की घड्याळ सुरू झाले. उरलेला धागा वाफेच्या यंत्रात घालून पुन्हा निर्जंतुक करणे ही काटकसर नव्हे. उष्णता आणि पाणी यांच्या तडाख्यात साखळ्या तिथेच तुटतात आणि दिसायला नवा असलेला धागा पोटात गेल्यावर मुदतीआधी हात टेकतो. गॅमा किरणांनी केलेले निर्जंतुकीकरणही साखळ्या आखूड करते. यास्तव पुष्कळ उत्पादक एथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. रुग्णालयाच्या भांडाराचे तापमान, वेष्टनावरची मुदत आणि फोडलेल्या पाकिटाची विल्हेवाट या गोष्टी किरकोळ कारकुनीच्या वाटतात, पण जखम उसवणे किंवा न उसवणे त्यांच्यावर अवलंबून राहू शकते.

अशा साधनाची खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ते वापरणाऱ्या शस्त्रवैद्याने आणि ते अंगी वागविणाऱ्या रुग्णानेही म्हणूनच तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. याची ताकद किती आठवडे राहील? ज्या ऊतीसाठी ते वापरायचे, ती तेवढ्या अवधीत स्वतःच्या बळावर उभी राहील काय? आणि उरलेला अंश देहातून जायला किती काळ लागेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जुळली की तिसऱ्याची वाट निर्धास्तपणे पाहता येते. ती जुळली नाहीत, तर टाका कितीही सफाईने विरला तरी जखमेला त्याचा उपयोग नाही.